कान नसलेला गणपती

खून, दरोडे, दंगली, नोकरीत सगळं पाहून झालं. तरी ती घटना आजही आठवते, कारण तिच्यात रक्ताचा थेंब नव्हता आणि तरीही पोलीस ठाण्यासमोर जमाव उभा होता.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी भांडुपला उपनिरीक्षक होतो. गणेशोत्सवात एका कॉम्प्युटर क्लासनं मंडपात 'कॉम्प्युटरवर दर्शन' ठेवलं. नवलाई होती, रांग लागली. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांचा गणपती, पण त्याला कानच दिसेनात. दुपारपर्यंत बोंब झाली, देवाचे कान कापले. मंडळाचे अध्यक्ष माणसं घेऊन ठाण्यात आले. "साहेब, धर्माची चेष्टा केलीय. हिला आत टाका ना."

'ही' म्हणजे क्लासमध्ये शिकवणारी, जवळच्याच चाळीतली मुलगी. चित्र तिनं काढलेलं. धर्माचा अपमान केल्याचं कलम २९५-अ लागलं तर अटक, आणि जामीन सहजासहजी नाही. तिला बँकेत नोकरी लागत होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यातून व्हायची होती. गुन्हा दाखल झाला की नोकरीची वाट लागली, हे तिलाही ठाऊक होतं.

गुन्हा नोंदवण्याआधी मी चौकशी करायची ठरवली. कॉम्प्युटर ताब्यात घेतला. पंचनामा लिहिताना हवालदारानं विचारलं, "साहेब, टीव्ही लिहू?" क्लासचा मालक म्हणाला, पडद्यावर ठिपके कमी, बारीक रेषा उमटत नाहीत, दोष यंत्राचा. मुलीलाही त्यानं हेच पढवलं होतं. मी एका इंजिनिअरला बोलावलं. तो म्हणाला, साफ खोटं, एवढ्या ठिपक्यांत कान आरामात बसतात. दोघे माझ्या टेबलाशी असे जुंपले की मूळ तक्रार बाजूलाच राहिली. शेवटी इंजिनिअरच म्हणाला, "भांडतोय कशाला? चित्र भारी पडद्यावर बघा की. गोरेगावला आमच्या ऑफिसात आहे."

फ्लॉपी घेतली, मुलीला, अध्यक्षांना आणि एका महिला शिपायाला जीपमध्ये घातलं आणि गोरेगाव गाठलं. मंडपात नुसता ठिपक्यांचा गोळा दिसलेलं चित्र इथं स्पष्ट उमटलं. कान होते. गणपतीनं चारही हातांनी ते गच्च झाकून घेतले होते, आणि समोर लाउडस्पीकरचा कर्णा होता.

"हात असे मुद्दाम काढलेस?" मी विचारलं. यंत्राचा दोष म्हणून ती अजूनही निसटू शकली असती.

"हो साहेब. बाबा हार्टचे पेशंट आहेत. मंडळाचा कर्णा बरोबर आमच्या खिडकीसमोर. मी सांगायला गेले तर हे अध्यक्ष म्हणाले, देवाचं काम आहे, सहन करा. मग म्हटलं, देवालाच विचारून बघू."

अध्यक्ष उसळले. "मुद्दाम म्हणाली ना? घ्या लिहून."

खरी गाठ इथंच होती. ते कलम नुसत्या 'मुद्दाम'वर लागत नाही. धर्माचा अपमान करण्याचा दुष्ट हेतूही लागतो. मी म्हटलं, "अध्यक्ष, चित्र नीट बघा आणि सांगा, ही कुणाला हसतेय? देवाला?"

ते पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले. "देवाला नाही. आम्हाला हसतेय."

"मग भावना तुमच्या दुखावल्या. त्याला माझ्याकडे कलम नाही."

त्यांनी तक्रार मागे घेतली. आम्ही परतलो तेव्हा माणसं ठाण्यासमोर थांबलेलीच होती. अध्यक्षांनी पायरीवर उभं राहून सांगितलं, मशीनमध्ये बिघाड होता, पोरीचा काही दोष नाही. लोकांना पटलं, जमाव पांगला. मी मध्ये बोललो नाही. तो कर्णाही त्यांनी त्याच दिवशी उतरवला, हे सांगायलाच हवं.

ती मात्र ठाण्यातल्या बाकावर बसून रडत होती. मी म्हटलं, "आता का रडतेस गं? सुटलीस की."

"चित्र बरोबर होतं साहेब. ते बिघडलेलं का ठरवलंत?"

मला तेव्हा रागच आला. नोकरी वाचली, बापाला झोप मिळाली, आणखी काय हवंय हिला? आज तसं वाटत नाही. पोलिसाचं पहिलं काम शांतता राखणं, असं मी पुढं कित्येक नव्या पोरांना शिकवलं, आणि ते चूक नाही. पण त्या दिवशीची शांतता खोट्यावर मिळाली होती, आणि अख्ख्या प्रकरणात स्वतःचं नुकसान पत्करून खरं बोललेली एकटी ती, माझ्यासमोर रडत बसली होती.