उचलायचं नाही

आमचे चिरंजीव पहिल्या खेपेला नापास झाले ते अंगात ताकद जास्त म्हणून. ज्यांची मुलं अशक्त आहेत त्या बायका हे ऐकून हसतात, पण खरं आहे. परीक्षेत एक आजोबा पलंगावर बसवले होते. त्यांना स्वेटर घालायचा आणि शेजारच्या व्हीलचेअरवर बसवायचं, एवढंच काम. बाकीची मुलं गोड बोलत, हात देत, घाम पुसत बसली. आमच्याने आजोबांना दोन्ही हातांवर उचललं, अलगद खुर्चीत ठेवलं आणि परीक्षक बाईंकडे वळून म्हणाला, "झालं."

आजोबा खूश होते. बाई नव्हत्या.

"माणूस होता तो," त्या म्हणाल्या. "सामान नव्हतं."

आता यात त्याचा दोष किती? कॉलेजात त्याचं मन रमलं नाही. घरं हलवून देणाऱ्या एका कंपनीत लागला आणि तिथे मात्र रमला. कपाट एकट्याने पाठीवर घेऊन तीन मजले उतरायचा, भिंतीला ओरखडा नाही. टेम्पोवाल्याने त्याचं नावच क्रेन ठेवलं होतं. कामाच्या दिवशी मी त्याच्या कण्याची काळजी करायचे, सुटीच्या दिवशी गुडघ्यांची. घरात तो दिवसाकाठी जेमतेम चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन जेवणाबद्दल असायची.

एकदा जेवताना मात्र बराच बोलला. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं बिऱ्हाड ते लोक मुलाच्या घरी हलवत होते. सगळं सामान टेम्पोत गेलं. गृहस्थ रिकाम्या खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसून राहिले, आणि ती खुर्ची न्यायची म्हणून सगळे त्यांच्या उठण्याची वाट बघत उभे. आमचा मुलगा आरसा ब्लँकेटात गुंडाळत होता. गृहस्थ त्याला म्हणाले, "आरशाला एवढं जपतोस, माझंही पार्सल तूच बांध बाबा."

"सगळे हसले," तो म्हणाला. "मला नाही हसू आलं." आणि वाढून घेण्यासाठी ताट पुढे केलं.

मग एक दिवस घरी येऊन म्हणाला, नोकरी सोडली, परदेशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जायचंय, त्यासाठी केअरगिव्हरच्या कोर्सला नाव घातलंय. मी खुर्चीत बसले. नणंद आलेली होती, तिला मात्र गुदगुल्या झाल्या.

"केअरगिव्हर म्हणजे काय गं, वहिनी?"

"काळजी घेणारा."

"मग त्याला कशाला पाठवतेस? तू जा! जन्मभर दुसरं केलंस काय?"

कोर्सचा वर्ग म्हणजे एक लांबट हॉल, त्यात ओळीने पलंग, आणि एका पलंगावर कायम झोपलेला रबरी माणूस, ज्याचा पंजा कुणीतरी जोरात शेकहँड केल्यामुळे निखळला होता. कुणी ते मी विचारलं नाही. शिकवायला एक निवृत्त नर्स होत्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. उंचीने माझ्या खांद्याला लागत, पण आवाज असा की ऐकून संधिवातवालासुद्धा ताठ उभा राहावा. हॉलच्या भिंतीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं : जे त्यांना जमतं, ते आपण करायचं नाही. आमचा ते रोज वाचायचा. पटलं होतं असं दिसत नव्हतं.

घरी सरावाला सासूबाई होत्या. त्यांची तब्येत ठणठणीत आहे, रोज चालत वाचनालयात जातात. पण नातवासाठी त्यांनी अर्धांगवायू स्वीकारला. दुपार झाली की पलंगावर बसून हाक मारायच्या, "ये रे धटिंगणा! आज माझं कुठलं अंग गेलंय?"

"डावं."

"काल उजवं होतं."

"ते बरं झालं, आजी."

मग स्वेटर. नियम असा, की घालताना अधू हात आधी, काढताना धड हात आधी. हे मला तोंडपाठ झालं, यांना झालं, भांडी घासायला येणाऱ्या बाईंनाही झालं. शिवाय प्रत्येक वेळी हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यायची, तीही अहो-जाहो करून.

"आजी, मी तुमच्या डाव्या खांद्याला हात लावू का?"

"लाव की. लहानपणी माझ्या कानाला लोंबकळायचास तेव्हा विचारलं होतंस?"

"आजी, हो किंवा नाही म्हणायचं."

"नाही!"

मग तो बिचारा तसाच उभा. मला राहवायचं नाही. मी पुढे होऊन सासूबाईंच्या हातात बाही घालायचे, आणि दोघंही माझ्यावर ओरडायची.

एकदा सिस्टरांनी सांगितलं, की घरच्या कुणाकडून तरी भरवून घ्या, म्हणजे भरवून घेणाऱ्याचे हाल समजतील. तो हात मागे घेऊन माझ्यासमोर बसला. मी भरवायला लागले. किती वर्षांनी! तिसऱ्या चमच्याला तो गाल फुगवून म्हणाला, "आई, आधीचा गिळू दे." यांनी पेपरातून मान वर काढून सांगितलं, "लिहून घे. हाल समजले."

तिकडच्या भाषेची परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला. तिथे उचलायला काही नव्हतं. अडला तो प्रात्यक्षिकात. नापास झाल्यावर सिस्टरांनी मला बोलावून सगळं नीट समजावलं. तिकडच्या एका वृद्धाश्रमाने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, ती दुसऱ्या परीक्षेपर्यंतच. तेव्हाही नापास झाला तर जागा दुसऱ्याची आणि याला पहिल्यापासून सगळा कोर्स. नोकरी तर आधीच सुटलेली.

"मुलगा सोन्यासारखा आहे हो," सिस्टर म्हणाल्या. "पण पेशंटला काही करूच देत नाही. हे येतं कुठून?"

मी त्यांच्या टेबलावरचे पेन सरळ रांगेत लावत होते. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि उत्तराची वाट न बघता चहा मागवला.

मला स्वतःला काय हवं होतं ते विचारू नका. तो पास व्हावा असं वाटत होतं आणि जाऊ नये असंही. दोन्ही एकदम मागितलं तर देणाऱ्याचा गोंधळ उडेल म्हणून मी फक्त पहिलं मागत होते.

दुसऱ्या परीक्षेला नवी पद्धत आली. प्रत्येकाने घरचं एक वडीलधारं माणूस आणायचं, मग चिठ्ठ्या टाकून अदलाबदल, म्हणजे कुणाच्या वाट्याला स्वतःचं माणूस येणार नाही. सासूबाई नवा स्वेटर घालून आल्या. त्यांची सोबत म्हणून मला हॉलमध्ये मागच्या बाकावर बसता आलं. परीक्षक बाई त्याच. त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "आजी-आजोबांनी नाटक करायचं नाही. जसे आहात तसे बसा."

सासूबाईंचा चेहरा पडला. इतक्या महिन्यांचा अर्धांगवायू वाया गेला.

त्या एका किडकिडीत मुलीच्या वाट्याला आल्या. तिने "आजी, मी..." एवढं म्हणेपर्यंत सासूबाईंनी स्वेटर काढला, घातला, उठल्या आणि व्हीलचेअरमध्ये जाऊन बसल्या. वर तिला म्हणाल्या, "ब्रेक लाव गं."

"आजी, परीक्षा तिची आहे," परीक्षक बाई म्हणाल्या आणि सगळं पुन्हा करायला लावलं. मुलगी निभावली.

मग आमच्याचा नंबर. चिठ्ठीत कुणाची तरी आत्या निघाली, जाड चष्म्याची. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून आयुष्य काढलेली. गुडघे दुखरे, जीभ धडधाकट. पलंगावर बसल्या बसल्या त्यांनी याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"केवढा आहेस रे! दारातून आलास की भिंत पाडून?"

"दारातून," तो म्हणाला. मग हात लावण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. बाह्या झाल्या. बटणं त्या आजी स्वतः लावू लागल्या, सावकाश, एकेक चाचपून. दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं. याचा हात पुढे आला. मग तो हात त्याने दुसऱ्या हाताने धरला आणि पाठीमागे नेला. आजींनी बटण काढलं, पुन्हा लावलं. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "माझं मनगट सोडता का जरा?"

आता उठवायचं. आजींनी हातांची घडी घातली.

"मी नाही उठत. गुडघे दुखतात. उचल मला."

"आजी, उठायला तुम्हाला मी आधार..."

"आधार कसला? एवढा रेडा झालायस, उचल की!"

सिस्टर खिडकीशी उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्याला गोड बोलता येत नाही हे मला जन्मापासून माहीत. आजींची समजूत काढणं त्याच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. आणि त्याचे हात तर शिवशिवत होते. एका झटक्यात काम झालं असतं, आणि एका झटक्यात सगळं संपलंही असतं.

तो मागे सरला. पलीकडे ठेवलेली व्हीलचेअर ढकलत आणली आणि विचारलं, "आजी, ही कुठे ठेवू?"

हे वाक्य त्याने हजार घरांत, हजार गृहिणींना विचारलं असेल.

"इथे ठेव, आणखी कुठे?"

त्याने पलंगाच्या पायथ्याशी ठेवली.

"तिथे काय करू मी? जवळ घे."

जवळ घेतली.

"सरळ नको रे, तिरकी. तिरकी कळतं का? अशी."

"अशी?"

"अशी नव्हे! तुला कुणी ठेवलं कामाला? त्या बाजूने फिरव. अरे, त्या बाजूने! थांब, मीच दाखवते."

आणि आजींनी पलंगाच्या कडेवर तळवे रोवले, "आई गं" म्हटलं आणि उठल्या. सामान लावून घेताना बसून राहिलेली बाई अजून जन्माला यायची आहे. आमचा तोवर अगदी जवळ येऊन उभा होता, तळहात उघडा धरून.

"हात देऊ का?"

"दे. आणि खुर्ची हलू देऊ नकोस."

"ब्रेक लावलाय."

त्या वळल्या, त्याच्या हातावर भार टाकून बेताने बसल्या, स्वेटर सारखा केला. मग एकदम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "लबाडा! उठवलंस की मला!"

सगळा हॉल हसला. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्या लिहीत राहिल्या, इतका वेळ की मी शेजारणीचं दुसरं मनगट धरलं.

निकाल तिथेच वाचला. पास. शेरा असा, की उमेदवार कमी बोलतो, पण ज्येष्ठांना बोलतं ठेवतो. सिस्टरांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, म्हणजे हात पोचला तिथे, कमरेवर. सासूबाई मला म्हणाल्या, "टाळ्या वाजव की गं, सूनबाई. रडायचं ते घरी."

मी टाळ्या वाजवल्या.

बसमधून घरी निघालो. आम्ही दोघी बसलो, तो दांडी धरून उभा. पुढच्या महिन्यात निघायचं, असं तो म्हणाला. मी थंडीचं विचारलं, जेवणाचं विचारलं, तिकडचे पलंग त्याच्या उंचीला पुरतात का ते विचारलं. त्याने प्रत्येकाचं उत्तर दिलं. आजवर इतका सलग तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

"बस्तान बसलं की तुला बोलवतो, आई. बघून जा सगळं."

"आधी मला बोलव," सासूबाई म्हणाल्या. "ही तिथे येऊन काय करणार? सगळ्या म्हाताऱ्यांची बटणं लावत सुटेल, आणि तुझी नोकरी घालवेल."

तो मोठ्याने हसला, पुढची माणसं वळून बघण्याइतका. मग आजी-नातू मोठी बॅग न्यायची की लहान दोन यावर भांडायला लागले. त्याला एकच मोठी हवी होती, कारण कितीही जड झाली तरी तो उचलणार होता. मी आमचा स्टॉप येईपर्यंत बोटांवर दिवस मोजत बसले. पुढचा महिना म्हणजे लवकरच.