त्याच्या डाव्या हाताला

बातमी आली तेव्हा मी बार्शीच्या कॉलेजात अकरावीच्या वर्गावर होतो. फळ्यावर उदाहरण अर्धं सोडवून झालं होतं. टेबलावरचा फोन थरथरला आणि पडद्यावर सुवर्णावहिनींचं नाव दिसलं. वर्गात मी फोन घेत नाही हे त्यांना ठाऊक होतं. फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजला, तेव्हा मी खडू खाली ठेवला. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी कानडीत मोठ्यानं रडत होतं. विरूपाक्ष, आमचा विरू, सकाळी अंघोळ करून पूजेला बसला होता. इष्टलिंग हातात होतं, आणि तसाच तो भिंतीला टेकला... वय चौपन्न. बारा वर्षं मी त्याच्या शेजारी बसून त्याचं मरण गृहीत धरलं होतं. ते कुठल्यातरी घाटात, कुठल्यातरी वळणावर येईल आणि येताना मलाही घेऊन जाईल, असा माझा हिशेब होता. तो माणूस घरात, पाटावर बसून गेला. सोलापूर येईपर्यंत एस.टी.च्या खिडकीशी बसून मी विचार करत होतो, की मला दुःख होतंय की नुसताच धक्का बसलाय.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून नेलं. भवानी पेठेतल्या त्याच्या घरासमोरच्या अरुंद बोळात फुलांच्या मखरात विरू ताठ बसला होता. कपाळाला भस्म होतं. माणसं पाया पडायला समोरून येत होती. मी मात्र गर्दीतून सरकत त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो. का, ते मला नंतर कळलं. माझी जागा तिथंच होती.

विरू रॅलीचा ड्रायव्हर होता. म्हणजे बंद केलेल्या कच्च्या रस्त्यावर, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत. शेजारी नकाशेवाला बसतो. पुढचं वळण किती तीव्र, कुठं खड्डा, कुठं दगड, हे आधी लिहून ठेवलेल्या वहीतून तो मोठ्यानं वाचत राहतो. ड्रायव्हरला वळण दिसायच्या आधी ते ऐकू यावं लागतं. मी तो नकाशेवाला. मूळचा कुर्डुवाडीचा, वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. विरूच्या घरचा सुताचा व्यापार. सोलापूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तो तास बुडवून सुताच्या गाठींचा टेम्पो मागवाल्यांकडे पोचवायचा आणि मी त्याची गणितं सोडवून ठेवायचो. पुढं मी गणितात एम.एस्सी. केलं, तो दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून बसला. एकदा पुण्याच्या कुठल्याशा क्लबची एक रॅली निघाली. ती वेगाची नव्हती, ठरवून दिलेल्या सरासरी वेगानं जायची. त्यात आकडेमोड करणारा माणूस लागतो म्हणून तो मला उचलून घेऊन गेला. पाठीमागच्या सीटवर त्याच्या आईनं दिलेला कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा डबा होता. त्या दिवशी आम्ही तिसरे आलो. परतताना टेंभुर्णीला चहा पिताना तो म्हणाला, की आता हेच करायचं. मला वाटलं, गंमत करतोय.

आमच्या वह्या मराठीत असत. बाकीच्या जोड्या इंग्रजीत वाचायच्या आणि आम्हाला हसायच्या. "उजवं चार, लांब, आत दगड. डावं दोन, सुटतंय." एक म्हणजे जवळजवळ मागं फिरणारं वळण, सहा म्हणजे नुसताच बाक; सुटतंय म्हणजे पुढं मोकळं होणारं, आवळतंय म्हणजे आणखी तीव्र होणारं. मी घाबरलो की जास्त बोलायचो, वहीत नसलेलंही सांगायचो. मग तो शांतपणे म्हणायचा, "साकु." म्हणजे पुरे. आईची कानडी त्याच्या तोंडी अशा वेळी यायची. त्या एका शब्दानं माझा श्वास जागेवर यायचा. हळूहळू नाव झालं. टायर बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला पगारावर घेतलं, गाडी दिली, मेकॅनिक दिले. मी सुट्ट्या टाकून जायचो. माझ्या बायकोनं या विषयावर बोलणंच सोडून दिलं होतं. विरूचे वडील, अप्पा, मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की "गाडी चालवतो" म्हणत आणि विषय बदलत. लोकांना ट्रक वाटायचा.

बाराव्या वर्षी मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. गाडीत विरू माझ्याकडं नुसता डोळा फिरवून बघायचा, क्षणभर, मी वहीत बरोबर जागी आहे ना म्हणून. त्या वर्षी तो मान वळवायला लागला. पूर्ण मान. हेल्मेटसकट. मी विचारलं तर म्हणाला, मान आखडलीय. जेवताना डावीकडचं पाण्याचं भांडं त्याच्या कोपरानं दोनदा पडलं. डावी वळणं तो रुंद घ्यायला लागला आणि वाचून झालेलं वळण पुन्हा विचारायला लागला. मी वहीत डावीकडचं सगळं जास्त बारकाईनं लिहू लागलो. त्यानं सांगितलं म्हणून नाही... हात आपोआप लिहायला लागला. मला काय कळत होतं आणि काय कळून घ्यायचं नव्हतं, हे आज सांगणं अवघड आहे.

त्या मोसमातली शेवटची रॅली कर्नाटकात होती, कॉफीच्या मळ्यांत. राष्ट्रीय किताब त्याला कधी मिळाला नव्हता आणि त्या वर्षी तो हाताशी आला होता. पहिल्या दिवसाच्या शेवटच्या टप्प्यात आम्ही पुढं होतो, अगदी थोड्या सेकंदांनी. लाल माती, दोन्हीकडं उंच बांध, सावलीमुळं रस्त्यावर काळे-पांढरे पट्टे. मी वाचलं, "डावं तीन, आवळतंय, आत बांध." गाडी आत शिरली आणि मला ती बाई दिसली. बांधाखाली, रस्त्याला लागून, डोक्यावर जळणाची मोळी. बंद रस्त्यावर तिनं असायला नको होतं, पण ती होती. विरू हलला नाही. ब्रेक नाही, चाक नाही, काहीच नाही. तो थेट तिच्यावर चालला होता. मी वही टाकली आणि स्टिअरिंगला हात घातला. नकाशेवाल्यानं हे कधीच करायचं नसतं. गाडीची मागची बाजू फिरली, उजवीकडच्या बांधाला घासली, डावा आरसा कशाला तरी लागून तुटला आणि आम्ही पुढं निघून गेलो. मी मागं वळून पाहिलं. धुळीत ती खाली बसली होती.

टप्पा संपला तिथं मी खाली उतरून आधी तिच्यासाठी माणसं पाठवायला लावली. तासाभरात निरोप आला, की मनगटाला खरचटलंय, घाबरलीय, बाकी ठीक आहे. मी परत आलो तर विरू गाडीच्या डाव्या बाजूला उभा होता. तुटलेल्या आरशाच्या खोबणीत जळणाची एक काटकी अडकलेली होती. ती त्यानं उपसून हातात घेतली होती. तो माझ्यावर चिडलेला होता, हात का घातलास म्हणून. मग त्यानं विचारलं, "आरसा कुठं घासला? उजवीकडनं तर लागली गाडी."

"ती बाई," मी म्हणालो.

"कुठली बाई?"

मी तिथंच टायरवर बसलो. त्यानं माझ्याकडं मान वळवून बघितलं, पूर्ण मान, आणि त्याच्या लक्षात आलं की मला कळलंय. मग तो बोलला. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता, अप्पांना होता तोच. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं. समोरचं दिसत होतं, बाजूचं जात चाललं होतं. दरवर्षीच्या तपासणीत तो अक्षरांचा तक्ता घडाघडा वाचायचा, कारण तक्ता समोर असतो. सुवर्णावहिनींनाही त्यानं सांगितलं नव्हतं.

"उद्याचा एक दिवस दे, मास्तर," तो म्हणाला. "मग मीच सांगतो सगळ्यांना. तुझी शपथ."

मी विचारलं, उद्या डावीकडं कुणी उभं असलं तर?

"तू हाईस की डावीकडं."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की क्षणभर मला ते बरोबरही वाटलं. मग मला संताप आला. दोन वर्षं त्यानं मला आपला डोळा करून शेजारी बसवलं होतं, आणि मला विचारलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की सकाळी गाड्या सुटायच्या आधी मी रॅलीच्या डॉक्टरांकडं जाणार आहे. त्यानं हातातली काटकी मोडली, पुन्हा मोडली, तुकडे होईनात एवढी बारीक केली. मग म्हणाला, "साकु, मास्तर." आणि निघून गेला.

सकाळी मी डॉक्टरांच्या तंबूत गेलो. अजून धुकं होतं. मला सारखं वाटत होतं, तो येऊन मला अडवेल. तो आला, पण अडवलं नाही. डॉक्टरांनी त्याला उजव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितला, समोर बघायला सांगितलं आणि बाजूनं बोट आणत विचारलं, दिसलं की सांगा. बोट कानाजवळून निघालं, गालापाशी आलं, नाकाच्या रेषेत येत चाललं... विरू गप्प उभा होता. मी बाहेर पडलो. पुढचं मला बघवलं नाही. त्याचा रॅलीचा परवाना त्याच सकाळी गेला. सोलापूरपर्यंत तो मेकॅनिकांच्या गाडीतून गेला, मी रेल्वेनं.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. मी पत्र लिहिलं, फोन केले. अप्पा गेले तेव्हा भवानी पेठेत जाऊन आलो. तो समोर बसला होता, माझ्याकडं त्यानं मान वळवली नाही. वहिनी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही येत जावा. ते बोलत न्हाईत, पण तुम्ही येत जावा." मी गेलो नाही. मी बरोबर केलं होतं हे मला माहीत होतं. पण बरोबर असल्यानं रात्री झोप लागते असं नाही.

सातव्या वर्षी वहिनींचा फोन आला. दुसऱ्या डोळ्यालाही सुरुवात झाली होती. हैदराबादला ऑपरेशन ठरलं होतं. विरू रेल्वेनं जायला तयार नव्हता आणि कुणाच्याही गाडीत शेजारी बसायला तयार नव्हता. दोन ड्रायव्हर त्यानं सोलापूरच्या वेशीवरूनच परत पाठवले होते. शेवटी म्हणाला होता, मास्तरला बोलवा. मी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. गाडी दारात उभी होती. तो डावीकडच्या सीटवर आधीच बसलेला होता, पट्टा लावून. वहिनी मागं बसल्या. मी गाडी चालवतोय आणि तो शेजारी बसलाय, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मला वाटत होतं, प्रत्येक गिअरला तो मनात शिव्या देत असेल.

उमरग्याच्या पुढं तो म्हणाला, "हितनं तू बरा दिसतोस." उजव्या डोळ्यानं बघत होता, मान न वळवता.

काही अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "कशी होती दिसायला?"

कोण, हे विचारायची गरज नव्हती. मी सांगितलं. म्हातारी होती. हिरवं लुगडं, वरून पुरुषाचा जुना शर्ट. एका हातानं मोळी धरलेली. पळत नव्हती, थांबली होती.

"का थांबली होती?"

"तुझ्याकडं बघत होती."

"माझ्याकडं?"

"तुझ्याकडंच. तिला वाटलं, तू तिला बघितलंयस."

विरूनं डोळे मिटले. हुमनाबाद येईपर्यंत ते तसेच होते. मागून वहिनींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं काढला नाही. मी बरोबर केलं की चूक, हे तो त्या दिवशी बोलला नाही आणि पुढं कधीच बोलला नाही. मीही विचारलं नाही. पण ऑपरेशननंतर घरी सोडलं तेव्हा त्यानं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि नंतरच्या आठ वर्षांत असा एकही महिना गेला नाही की त्याचा फोन आला नाही.

उजवा डोळा वाचला. दोन वर्षांनी विरूनं अक्कलकोट रस्त्याला एक माळ भाड्यानं घेतला आणि शाळांच्या बसवाल्यांना, ॲम्ब्युलन्सवाल्यांना शिकवायला लागला. स्वतः चाक हातात घेत नसे. डावीकडं बसायचा. वेग शिकवायचा नाहीच. तिथं गेलो की मला मजा वाटायची, पन्नाशीचे मिशाळ ड्रायव्हर त्याच्यापुढं पोरांसारखे उभे असायचे. त्याच्या रॅलीच्या गोष्टी ऐकायला ते टपलेले असत, पण तो एकही सांगायचा नाही.

तो गेल्याला परवा तीन आठवडे झाले. मी वहिनींना भेटून निघालो. दुपारची शाळा भरायची वेळ होती. कोपऱ्यावर एक पिवळी बस थांबली होती, मुलं चढून बसली होती, आत गलका चालला होता. ड्रायव्हर सीटवरून खाली उतरला. बसच्या पुढून वळसा घालून डाव्या अंगाला आला, पत्र्यावरून हात फिरवत मागपर्यंत गेला, परत पुढं आला, आणि डाव्या चाकापाशी उकिडवा बसून त्यानं खाली वाकून बघितलं. एक म्हातारा दप्तर घेऊन वाटेत उभा होता, त्याला हातानं बाजूला केलं.

मी जवळ जाऊन विचारलं, हे रोज करता का?

"व्हय. प्रत्येक स्टॉपला. सरांनी लावलंय." मग म्हणाला, "आमचे सर वारले की आत्ता. हितलेच होते, भवानी पेठेतले."

मी विचारलं, का करायचं ते सरांनी सांगितलं होतं का?

"न्हाय," तो म्हणाला. "एकदा इचारलं, तर म्हणाले, नुस्तं दिसतंय म्हणून जायचं न्हाय, उतरून बघायचं. बास."

त्यानं खांद्यावर टाकलेला पंचा सारखा केला, चढून बसला, दार ओढलं. बस हळूच निघाली आणि मी डाव्या बाजूला, दोन पावलं मागं सरून, उभा राहिलो.