श्वास रोखा

आमचे हे आयुष्यभर इस्पितळात एक्स-रे काढत आले. निवृत्त झाल्यावर माणसाने गप्प बसावं, तर ह्यांच्या डोक्यात फोटोग्राफीचं खूळ शिरलं. मागच्या खोलीतलं कपाट बाहेर आलं, माझी चांगली पांढरी चादर भिंतीवर गेली आणि थर्माकोलचा तक्ता धरायला मी. दिवा अगदी समोर ठेवला की चेहरा सपाट दिसतो, जरा बाजूला आणि वर घेतला की नाकडोळ्यांना आकार येतो, सावलीच्या बाजूने थर्माकोल धरला की सावली मऊ पडते, एवढं मलाही पाठ झालं. ह्यांचा प्रकाश खरंच सुधारला. चेहरे मात्र सगळे घाबरलेले. माझा भाऊ तर फोटोत पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसत होता. हे आपले दिवाच सरकवत बसायचे.

बटण दाबण्याआधी हे जुन्या सवयीने हुकूम सोडायचे, त्याने माणसं आकसायची. मी सांगून पाहिलं. पण बायकोचं ऐकलं तर कमीपणा येतो ना!

मग पलीकडच्या रस्त्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या. आजारपणात बंद पडलेलं दुकान त्या पुन्हा उघडत होत्या, पाटीवर स्वतःचा हसरा फोटो हवा होता. आपणहून आलेलं हे पहिलंच परकं माणूस, त्यामुळे हे सकाळपासून हवेत. ताईंना चादरीपुढे उभं केलं, दिवा जुळवला. प्रकाश सुरेख पडला, ताई छान हसल्या. आणि हे म्हणाले, "श्वास रोखा. हलू नका."

ताईंचं हसू गेलं. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, खांदे पुढे घेतले आणि छाती फुगवून ताठ उभ्या राहिल्या. छातीचा एक्स-रे काढताना माणसाला असंच उभं करतात. ह्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"तुम्ही आमच्याकडे यायचात?"

"वर्षभर येत होते. बहुतेक वेळा तुम्हीच असायचात," ताई म्हणाल्या. "मी दारातच ओळखलं तुम्हाला. तुम्ही कसं ओळखणार? तेव्हा कधी तोंडाकडे बघितलंच नाहीत."

आवाजात राग नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. मला थर्माकोलमागे तोंड लपवावंसं वाटलं. आपल्या हातून एकही फिल्म वाया गेली नाही, असं हे चारचौघांत मिरवायचे आणि मीही मान डोलवायचे.

हे पुटपुटत माफी मागू लागले. ताईंनी हात खाली सोडले, पदर सारखा केला.

"ते राहू द्या. फोटो काढा, दुकान उघडायचंय मला."

ह्यांनी कॅमेरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. दिव्याची वायर उगाचच सरळ करत बसले. शरमेने ह्यांना मान वर करवेना, आणि ताईंच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय फोटो तर निघणार नव्हता. ताई चादरीपुढे वाट बघत उभ्या राहिल्या.