हौदातलं कच्चं पाणी

आमच्या गल्लीतल्या विहाराच्या अंगणात कमळाचा हौद बांधला तो आमच्या ह्यांनी. मोरिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांना घरात बसवेना. आठ फूट लांब, चार फूट रुंद, गुडघाभर खोल असा हौद ह्यांनी एकट्याने उन्हात बसून बांधला. सिमेंटचा चुना निघून जावा म्हणून तीन वेळा भरून रिकामा केला. कोपऱ्यात रंगाची जुनी बादली ठेवली, तिच्यात खडी आणि स्पंज भरला. खालची लहान मोटार पाणी बादलीत चढवायची आणि ते गाळून परत हौदात पडायचं. वांगणीहून कमळाचे कंद आणले, उल्हासनगरहून दहा लाल मासे. आमचं घर विहाराला लागून आणि किल्लीही आमच्याकडे, म्हणून हौद सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मला कुणी विचारलं नाही. मला सहसा कुणी विचारत नाही, कारण मी बोलत नाही.

दर रविवारी वंदनेच्या आधी महिला मंडळ विहार धुतं. ही आमची जुनी पद्धत आहे आणि चांगली आहे. पण आमच्या अध्यक्षबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या. आयुष्यभर वॉर्ड धुतलेल्या बाई, ब्लिचिंग पावडरशिवाय त्यांना काही स्वच्छ झाल्यासारखं वाटतच नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी हौदाच्या भिंतीवरून बोट फिरवलं.

"शी! बुळबुळीत झालंय सगळं. भगवंतासमोर असली घाण?"

मासे बादलीत काढले. हौद उपसला, काथ्याने घासला, पावडर टाकून धुतला आणि नळाच्या ताज्या पाण्याने भरला. मीही घासलाच की. मला तरी काय ठाऊक होतं! मंगळवारपर्यंत दहाही मासे उताणे तरंगत होते.

"कमजोर मासे आणलेत वहिनी तुम्ही," अध्यक्षबाई मला म्हणाल्या.

मासेवाल्याला जाब विचारायचा म्हणून मी उल्हासनगरला गेले. ह्यांचे गुडघे दुखत होते, नाहीतर मी कशाला जाते! दुकानदार म्हातारा सिंधी माणूस. मी तोंड उघडायच्या आतच त्याने मला विचारलं, "भाभी, हौद घासला काय?"

मी मान हलवली.

"मग मासा काय करेल? पाणी कच्चा आहे अजून. पकने दो ना."

मग त्याने नीट समजावलं. मासे पाण्यातच घाण करतात आणि त्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे बारीक जंतू असतात, चांगले जंतू. ते भिंतीवर, खडीत, स्पंजात चिकटून राहतात, तोच तो बुळबुळीत थर. नव्या हौदात ते नसतातच. ते वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोपर्यंत मासे थोडे, खाणं चिमूटभर, मोटार रात्रंदिवस चालू. नळाचं पाणी टाकायचं तर आधी एक दिवस उघड्या पिंपात ठेवायचं, कारण नळातल्या औषधाने जंतू मरतात. आणि घासायचं नाही. हे त्याने तीनदा सांगितलं.

शेवटी त्याने आपल्या टाकीतला काळाकुट्ट स्पंज काढला, त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. "इसको नळाखाली धरू नका. हा जिंदा आहे."

मला एकदम कळलं. हे विरजण होतं. जुन्या दह्याची कवडी. शाळा चौथीपर्यंतच झाली तरी विरजण कसं लावतात हे मला कुणी शिकवायला नको.

स्पंज बादलीत ठेवला, पिशवीतलं काळं पाणी हौदात ओतलं, सहा नवे मासे सोडले. नेमक्या शेजारच्या काकू दारात उभ्या. "गटाराचं पाणी ओततेस काय गं?" मी काहीतरी पुटपुटले. तिथेच नीट सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं, पण तोंडातून शब्द निघेल तर ना! घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही मंडळाला सांगा." हे रविवारच्या आधी अध्यक्षबाईंना भेटले आणि म्हणाले, "हौदाचं सगळं हिला विचारा." झालं सांगून!

त्या रविवारी बेलवलीला बहिणीकडे नातीचं नामकरण होतं, मला जावंच लागलं. संध्याकाळी परत येऊन बघते तर हौद चकचकीत. मोटार बंद, कारण जाताना सगळी बटणं बंद करायची आमच्या बायकांची शिस्त. आणि तो काळा स्पंज स्वच्छ धुऊन, पिवळाधमक करून, तारेवर दोन चिमटे लावून वाळत घातला होता. ते बघून मी पायरीवर बसलेच. हसावं की रडावं ते समजेना.

सहाही मासे गेले. मग विहाराच्या कमिटीची बैठक झाली. पुन्हा मासे मेले किंवा वास आला तर हौदात माती टाकून बुजवायचा आणि मोगरा लावायचा, असं ठरलं. हे बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले, जेवलेही नाहीत. एवढ्या मेहनतीने बांधलेली वस्तू माणसाच्या डोळ्यांदेखत बुजवणार! मला ह्यांचा राग आला, मंडळाचा आला, सगळ्यात जास्त माझा आला.

पुन्हा उल्हासनगर, पुन्हा काळा स्पंज, आणि या वेळी चारच मासे. रविवारी मंडळ यायच्या आधी मी जाऊन हौदाच्या काठावर बसले. अध्यक्षबाई काथ्या आणि पावडरचा डबा घेऊन आल्या.

"सरका वहिनी."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने निघालं की आत उदबत्ती लावणारी बाई बाहेर आली.

"अगंबाई, हिला आवाज आहे होय!" काकू म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

माझे कान तापले, पण मी उठले नाही. "विरजण लावल्यावर तुम्ही मध्येच भांडं घासता का? यात चांगले जंतू लागतायत. घासले की मरतात, आणि मग मासे मरतात. दोन्ही वेळा आपणच मारले."

"चांगले जंतू?" अध्यक्षबाईंनी डबा खाली आपटला. "अख्खा जन्म दवाखान्यात काढला मी. एक चांगला जंतू भेटला नाही मला."

"तुम्ही भेटू दिला नसेल," मागून कुणीतरी म्हणालं.

यावर अध्यक्षबाईसुद्धा हसू दाबत होत्या. "वैशाख पौर्णिमेपर्यंत," त्या म्हणाल्या. "मग मी स्वतः वास घेणार. आला तर माती."

दीड महिना होता. तो कसा काढला ते माझं मला माहीत. पाणी आधी दुधासारखं गढूळ झालं, मग हिरवट. येणारा-जाणारा वाकून हुंगायचा आणि नाक मुरडायचा. मोटारीच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली, ती कुणीतरी कचरा म्हणून काढली, मी परत लावली. दुसऱ्या आठवड्यात मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. हौदातलं पाणी काढून पिंपातलं शिळं पाणी दोन-दोन बादल्या घालत राहिले. तरी एक मेला. मोगऱ्याच्या कुंडीत पुरला आणि कुणाला सांगितलं नाही. बाकीचे तीन तगले आणि हळूहळू पाणी निवळलं.

पौर्णिमेला वंदना झाली. पंचशील म्हणून आम्ही बाहेर आलो आणि अध्यक्षबाई सरळ हौदाशी. बोटाने मोजलं. "चार होते ना?"

खोटं न बोलण्याचं शील नुकतंच तोंडाने म्हटलेलं. हे माझ्या मागेच उभे होते.

"एक मेला," मी म्हटलं. "दुसऱ्या आठवड्यात. पुरला मी."

अध्यक्षबाईंनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, भिंतीवर घासला आणि बोटं नाकाशी नेली. बराच वेळ हुंगलं. "वास नाही," त्या म्हणाल्या, जरा नाराजीनेच. "हे बुळबुळीत आहे, तेच का तुमचे जंतू?"

"तेच."

"बरं. माती नको. पण रविवारी बाहेरून तरी घासणार."

बाहेरून म्हणजे कुठपर्यंत, यावर पुन्हा भांडण नको, म्हणून मी आतून खडू आणला आणि हौदाच्या काठावर चारी बाजूंनी रेघ ओढून दिली.