दाढेपायी धरलेलं मौन

मागच्या श्रावणात मी गावच्या मुक्ताईदेवीपुढं हात जोडून मौनाचं व्रत धरलं. श्रावण सरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. व्रतं मी लग्न झाल्यापासून करते, पण या व्रतानं माझी जी फजिती केली ती ऐकण्यासारखी आहे. चहा घेत घेत ऐका.

खरं कारण आधीच सांगते. माझी दाढ दुखत होती.

आमचे हे रोज म्हणायचे, "अगं, मंचरला जाऊन दातांच्या डॉक्टरला दाखवून ये." आता मी काही भित्री बाई नाही. दोन बाळंतपणं काढली, एकदा विंचवानं नांगी मारली तरी स्वयंपाक करून मगच आडवी झाले. पण ती मागं कलणारी खुर्ची, डोळ्यांवर दिवा आणि घूं घूं करणारं मशीन? नुसतं आठवलं की मी दुसरंच काम काढून बसायची.

आणि जायचं तरी कधी? सोमवारी उपास. मंगळवार देवीचा. बुधवारी कांदा निवडायला बाया यायच्या. गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन. शुक्रवारी जिवतीची पूजा. शनिवारी आपण लोखंड घरात आणत नाही, मग तोंडात कसं घालून घ्यायचं? आणि रविवारी डॉक्टरच नसतात. सांगा, यात माझी काय चूक?

शेवटी मी देवीशीच बोलणं केलं. "आई, तू दाढ थांबव, मी श्रावणभर तोंड मिटून राहते." मलाही सोयीचंच होतं. बोललं की दाढेला वारा लागून ठणका उठायचा. दाढेत लवंग दाबली, सुजलेल्या गालावरून पदर घेतला आणि देवघरात बसले.

तेवढ्यात आमची सूनबाई स्नेहल आली. पोरगी गुणी. आमचा मुलगा चाकणला कंपनीत, रविवारचा घरी येतो, म्हणून घरात आम्ही तिघंच. ती अवघडून म्हणाली, "आई, मंचरला शाळेत लहान गटाला शिकवायचं काम मिळतंय. सोमवारपासून या म्हणत्यात. जाऊ का?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पण मौन. मी डोळे मिटले आणि मुक्ताईला हात जोडले, बाई, माझ्या सुनेचं भलं केलंस. नेमकी त्याच घडीला दाढेतून अशी कळ गेली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

स्नेहल गुपचूप मागच्या पावली निघून गेली.

मला वाटलं, समजली. समजलीच होती ती, पण भलतंच.

पुढचं मला नंतर कळलं. शेजारची सिंधू दारात येऊन तिला विचारून गेली, "काय गं, काकू बोलंनात का?"

"मौन धरलंय त्यांनी."

"कवापासून?"

"मी नोकरीचं विचारलं तवापासून."

"मग ते व्रत न्हाई बाई. त्यो राग हाय."

झालं. त्यात मी भाकरी सोडून नुसत्या पेजेवर आलेली. स्नेहलनं मऊ थालीपीठ करून आणलं, मी ताट हातानं सरकवलं. ती चुलीपाशी जाऊन रडली म्हणे. दाढ थांबली असं मी मौनाआधीच घरात सांगून ठेवलेलं, म्हणून ह्यांनाही वाटलं, बाईचं काहीतरी बिनसलंय. पण मला विचारायचं कोणी? हे उठून मळ्यात जाऊन बसायचे. तिथं तेव्हा काडीचं काम नव्हतं.

मी डॉक्टरला भ्यायले, ते दोघं मला भ्याले. आणि मी मनात म्हणतेय, घरात कशी शांती आली बघा, देवी पावली.

शुक्रवारी मी वाती वळत होते. ओट्यावर स्नेहल फोनवर बोलत होती. "मॅडम, मला न्हाई जमणार शाळेत यायला. घरात आई... न्हाई, त्या काही बोलल्या न्हाईत. म्हणूनच."

वाती टाकून मी धावले. "अगं ए, न्हाई म्हणू नको! येती म्हण त्यांना!"

तोंडातली लवंग उडाली ती थेट तुळशीत. पदर घसरला. स्नेहलनं फोन कानापासून खाली घेतला.

"आई, गाल केवढा सुजलाय तुमचा."

"दाढ हाय ती."

"म्हंजी तुमी रागावला नव्हता?"

"रागवायला तोंड उघडावं लागतं, बाई."

तिनं डोळे पुसले, फोनवर "मॅडम, येते मी सोमवारी" म्हणाली आणि स्कूटीची चावी घेतली. "चला मंचरला."

"आज जिवती..."

"आणि उद्या शनिवार, लोखंड चालत न्हाई. मला सगळे वार पाठ झालेत तुमचे. बसा मागं."

हेही मळ्यातून येऊन मोटारसायकलवर आमच्या मागोमाग. दवाखान्यात, चहाला उकळी फुटायला लागतो तेवढ्या वेळात दाढ बाहेर. एवढ्यासाठी मी आख्खं घर मुकं करून ठेवलं होतं. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दिला आणि म्हणाले, "मावशी, आता तासभर अजिबात बोलायचं नाही."

दारातून हे म्हणाले, "डॉक्टर, तेवढं एक तिला चांगलं जमतं."

येताना मुक्ताईपुढं थांबले. मौन मोडल्याची माफी मागितली, तोंडात बोळा, म्हणून मनातल्या मनात. म्हटलं, आई, मी तुझी भक्ती केली नाही, तुझ्या पदराआड लपून बसले होते.

तुमच्याही घरात असेल असं काहीतरी, जे उद्यावर ढकलत असाल. दाढ असेल, नाहीतर कुणाला तरी विचारायचा एखादा प्रश्न. तुम्हीही गालावरचा पदर काढा. मुक्ताई उद्याही देवळातच असते. त्या कामाचा वार मात्र आजचाच धरा.