वशिंड नसलेल्या बैलाचा पोळा

माणसाला देवानं बसण्यासाठी म्हणून जो भाग दिला आहे, त्याचा पुंजारामनं आयुष्यात फारसा उपयोग केला नव्हता. सकाळी बजाजनगरहून शहरात येणाऱ्या बसमध्ये तो उभा असे, कारण जागा नसे. दिवसभर खडकेश्वरच्या संग्रहालयात उभा असे, कारण पहारेकऱ्यानं बसायचं नाही असा तिथला कायदा होता. संध्याकाळी पोराच्या बिऱ्हाडी परतल्यावर दारात उभा असे, कारण आतल्या एकुलत्या एका खोलीत सून भाकरी थापत असे, नातवंडं दप्तरं पसरून बसलेली असत आणि सांडू, म्हणजे त्याचा मुलगा, वाळूजच्या कारखान्यातली पाळी करून आडवा झालेला असे. पुंजारामचे गुडघे दिवसभर कुरकुरत. तो त्यांना मनातल्या मनात "व्हय, व्हय" म्हणे. त्यापलीकडे गुडघ्यांसाठी काही करण्यासारखं त्याच्या हातात नव्हतं.

संग्रहालय म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. अनंतराव वकिलांच्या बंगल्यामागे पत्र्याचा एक लांबट हॉल. त्यात काही तलवारी, काही हुक्के, निजामाच्या काळातली एक मखमली खुर्ची आणि मधोमध काचेच्या कपाटात चीनहून आलेली भाजक्या मातीची जनावरं. खुर्चीच्या हाताला पाटी अडकवलेली होती: 'कृपया बसू नये'. अख्ख्या हॉलमध्ये बसण्याजोगी वस्तू तेवढीच, आणि तिच्यावर कुणी बसत नाही ना, हे पाहायला पुंजारामला उभं केलेलं.

जनावरं तिथं आली त्याचीही एक गंमत होती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर शहरातला एक जहागीरदार आवराआवर करून कायमचा हैदराबादेला निघाला. वकिलांचा तो जुना पक्षकार. त्यानं निरोप पाठवला, "वकीलसाहब, हमारे जानवर आपके हवाले. खयाल रखिए." अनंतराव शब्दाचे पक्के. त्यांनी मागची पडवी झाडून घेतली, गव्हाण लिंपून घेतली, कडब्याची गाडी मागवली. आणि दुसऱ्या दिवशी टांग्यातून आल्या दोन लाकडी पेट्या. पेट्यांतही कडबाच होता, आणि त्या कडब्यात हातभर लांबीची मातीची जनावरं झोपलेली होती: एक घोडा, एक उंट, एक डुक्कर, एक कोंबडा आणि एक बैल. अनंतराव त्या गव्हाणीकडे पाहून बराच वेळ हसले म्हणतात. मग त्यांनी पडवी पाडून हॉल बांधला.

देवगाव रंगारीहून कामाच्या शोधात आलेल्या पुंजारामला त्यांनी तिथंच ठेवून घेतलं. "बसलेला पहारेकरी झोपतो," हे अनंतरावांचं मत. तेव्हा पुंजाराम जवान होता. त्यानं मान डोलावली. पुढं अनंतराव आजारी पडून गेले. जाण्याआधी त्यांनी पुंजारामला जवळ बोलावून सांगितलं, "कालिंदीला आणि जनावरांना सोडू नकोस." पुंजाराम म्हणाला, "व्हय." त्या एका 'व्हय'पायी त्याचे गुडघे गेले.

कालिंदीताई म्हणजे अनंतरावांची लेक. लग्न केलं नाही, संग्रहालय केलं. सकाळी कॉलेजात इतिहास शिकवायचा, दुपारी हॉलमधली धूळ झटकायची. आताशा त्याही थकल्या होत्या, पण थकलेल्या माणसांना दुसऱ्याचा थकवा उशिरा दिसतो.

पुंजारामला आता फक्त एकच गोष्ट हवी होती. देवगावला जावं आणि आपल्या घराच्या ओट्यावर बसावं. बस्स. ओट्यावर बसून काय करणार, असं सांडूनं विचारलं तर तो म्हणे, "बसनार." बायको साळूबाई त्याच्या पुढची. तिनं गेल्या दिवाळीलाच गाठोडं बांधून ठेवलं होतं, आणि एखादं लुगडं हवं असलं की ती गाठोडं सोडी आणि पुन्हा बांधी.

"अवो, इचारलं का ताईला?"

"इचारलं."

"मंग?"

"म्हनल्या, एवढं उन्हाळ्यापस्तोर थांबा."

"मागल्या उन्हाळ्यात म्हनल्या पावसाळ्यापस्तोर. ऋतू सरत्याल, तुमचं काय सरायचं नाय."

या वर्षी मात्र खरोखरच ठरलं. दिल्लीत एक मोठं प्रदर्शन भरणार होतं, तिथून कालिंदीताईंना विचारणा झाली. त्यांना बैल हवा होता. वर्षभर तो दिल्ली, कलकत्ता, मुंबई असा फिरणार, आणि त्या निमित्तानं या पत्र्याच्या हॉलचंही नाव होणार. ताई हरखल्या. त्या भरात त्यांनी शब्द दिला, "पुंजाराम, दिल्लीचे साहेब येऊन बैल सुखरूप घेऊन गेले ना, की तुम्ही मोकळे."

साहेब येणार होते नेमके पोळ्याच्या दिवशी.

पुंजारामला या जनावरांमधला बैल सगळ्यात जवळचा. तो त्याच्याकडे शेतकऱ्याच्या नजरेनं पाही, आणि पहिल्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट खुपे. या बैलाला वशिंड नव्हतं. खांद्यापासून शेपटीपर्यंत पाठ सरळ, सपाट. शेजारच्या उंटाला मात्र दोन मदार. येणाऱ्या पाहुण्यांना पुंजाराम गंभीर चेहऱ्यानं सांगे, "ह्याचं वशिंड त्या उंटानं उसनं नेलंय. द्यायचं नाव नाय." पाहुणे हसत. कालिंदीताई म्हणत, "पुंजाराम, तिकडची जातच तशी असते." पुंजाराम म्हणे, "असंल," आणि त्याचं मत कायम राही.

हे सगळं लहान मुलांच्या खेळण्यासाठी केलेलं असणार, अशी त्याची पक्की समजूत. पोळ्याला कुंभार मातीचे बैल करतो, तसेच हे. चीनमध्येही पोळा असेल, नसायला काय झालं? ही समजूत इतकी वर्षं टिकली याचं कारण ताई जी माहिती सांगत ती शिकलेल्या पाहुण्यांना इंग्रजीत सांगत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या काही मुली आल्या, तेव्हा ताईंनी माहिती मराठीत सांगितली. साहेबांपुढं बोलायची ती तालीमच होती म्हणा. "ही थडग्यातली जनावरं," त्या म्हणाल्या. "धनी मेला की त्याच्याबरोबर अशी मातीची जनावरं पुरायचे. म्हणजे मेल्यानंतरही त्याचं काम अडायला नको. घोडा स्वारीला, उंट ओझ्याला, आणि हा बैल गाडी ओढायला, नांगराला."

मुली पुढच्या तलवारींकडे गेल्या. पुंजाराम तिथंच राहिला.

"ताई," त्यानं मुली गेल्यावर विचारलं, "मेल्यावर बी नांगर?"

"हो. अशी त्यांची समजूत."

"आमच्या खुलताबादला एवढ्या कबरी हायेत. तिथं मानूस निजतंय. वर चादर घालत्यात, आवाज बी करत नाय कोन. अन् ह्यांच्यात नांगरतंय व्हय?"

"अहो, समजूत होती ती."

"किती दिवस?"

"कायमचं," ताई म्हणाल्या, आणि उद्याच्या चहाच्या कपबशा मोजायला बंगल्यात गेल्या.

कायमचं. पुंजाराम कपाटाशी उभा राहिला. सपाट पाठीकडे पाहता पाहता त्याला इतक्या वर्षांचं कोडं उलगडलं. वशिंड उंटानं नेलं नव्हतं. जू ओढून ओढून झिजलं होतं.

बाहेर ऊन उतरत आलं होतं. आज गावाकडं खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद लावून मळायचे, आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." पुंजारामच्या घरी आता बैल नव्हते. भाड्याचा ट्रॅक्टर येऊन वावर नांगरून जाई, आणि ट्रॅक्टरचे खांदे कुठं असतात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

गुडघा ठणकला म्हणून त्यानं खिशातून डबी काढली. साळूबाई रोज त्यात तूप-हळद भरून देई, गुडघ्याला चोळायला. त्यानं धोतर वर करून एक गुडघा चोळला. दुसरा चोळणार, तोच त्याची नजर पुन्हा बैलाकडे गेली. बोटांना तूप होतंच. कमरेच्या जुडग्यात कपाटाची किल्ली होती.

पुढं जे झालं ते फार विचार करून झालं नाही. त्यानं काच सरकवली, जिथं वशिंड असायला हवं होतं तिथं बोटं ठेवली आणि खांदा मळला. हलक्या हातानं, अंगठ्यानं गोल गोल, बाप शिकवून गेला होता तसा. मग वाकून कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैल काही बोलला नाही. पण देवगावचे बैलही कधी बोलले नव्हते.

सकाळी येऊन पाहतो तर तूप मातीत पार मुरलेलं. कोरडी, सच्छिद्र माती ती; तिला इतक्या शतकांत कुणी तूप दाखवलं नव्हतं, तिनं एका रात्रीत सगळं पिऊन टाकलं. खांद्यावर तळहाताएवढा काळपट-पिवळा डाग उमटला होता, बैल आत्ताच वावरातून घामेजून आल्यासारखा. पुंजारामनं रुमालानं पुसलं. डाग पसरला. तो बंगल्याकडे धावला, म्हणजे त्याच्या गुडघ्यांच्या मानानं धावला.

"ताई, जरा बैलाचं..."

"आता नाही, पुंजाराम! साहेब फाटकाशी आलेत. हार कुठाय?"

साहेब चष्मा सावरत आत आले. बैल टेबलावर ठेवला गेला. त्यांनी बाजारात बैल पारखणाऱ्या गिऱ्हाइकासारखं सगळं पाहिलं: खूर, शिंगं, पोटाखालची माती. दातच तेवढे मोजले नाहीत. मग त्यांचं बोट खांद्यावर थांबलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"घी?"

कालिंदीताईंनी पुंजारामकडे पाहिलं. "पुंजाराम, हे काय आहे?"

"तूप हाय, ताई. अन् हळद. काल खांदेमळणी व्हती."

"कुणाची?"

"ह्याची."

"क्या कह रहे हैं?" साहेबांनी विचारलं.

ताईंनी आयुष्यभर मोठमोठे विषय समजावून सांगितले होते, पण 'खांदेमळणी'ला हिंदी त्यांना सुचेना. "जी, ये... कल बैल के कंधे की..."  "मालिश."

"मालिश," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

माणूस सभ्य होता. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले की असा डाग पडलेली वस्तू प्रदर्शनात घेता येणार नाही. ताईंनी उंट दाखवला. "ऊँट हमारे पास बहुत हैं," ते खेदानं म्हणाले, चहा घेतला, हार टेबलावर ठेवला आणि गेले. बैल नापास झाला.

गाडीचा आवाज विरल्यावर कालिंदीताई हॉलमध्ये परत आल्या. चालत आल्या आणि मखमली खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच.

पुंजारामची मान खाली होती, तरी तोंडातून सवयीनं निघून गेलं, "ताई, तिथं बसायचं नाय."

"माहीत आहे मला. पाटी मीच रंगवलीय."

 पत्र्यावर खारूताई धावल्याचा आवाज झाला. बाहेरून कुठूनशी बैलांच्या घुंगरांची मिरवणूक जात होती, तीही दमल्यासारखी.

"का केलंत हो?" ताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग असायला हवा होता. पण रागालाही थोडी ताकद लागते. "बैल गेला असता तर तुम्ही सुटला असतात. उद्याच्या उद्या देवगावला."

"व्हय. ते ध्यानात व्हतं."

"मग?"

पुंजारामनं या पायावरचं वजन त्या पायावर घेतलं. "ताई, तो आता वर्षभर गावोगाव हिंडनार. म्हनलं, निघायच्या आधी खांद्याला कुनाचा तरी हात लागावा. धनी मरून गेला, पर ह्याला सोडायचं इसरला."

ताईंनी भिंतीवरच्या अनंतरावांच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत अनंतराव याच खुर्चीत ऐसपैस बसलेले होते, आणि मागं उभा, काळ्याभोर मिशांचा, ताठ, नव्या डगल्यातला पुंजाराम. त्यांनी फोटोतला पुंजाराम पाहिला, मग समोरचा पाहिला; तो अजून उभाच होता. मग त्यांनी खुर्चीच्या हाताची पाटी काढून मांडीवर उलटी ठेवली.

"काय म्हणता तुम्ही बैलाला? आज आवतण घ्या, उद्या जेवायला या?"

"व्हय."

"मग पुंजाराम, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. साळूबाईंनाही आणा, आणि ते गाठोडंही. जेवण झालं की इथूनच देवगावची बस धरा."

पुंजारामला आधी ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तो चूक काढू लागला. "आवतन काल द्यायचं असतंय, ताई. तुमाला एक दिवस उशीर झाला."

"एकच दिवस म्हणता? मोठ्या मनाचे आहात."

"अन् जनावरं?"

"ती कुठं पळतायत? रविवारी उघडत जाईन हॉल. आलं कुणी तर आलं."

"अन् तुमी?"

"मी बसेन," खुर्चीतून न हलता ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या स्वयंपाकघरात पानं वाढली गेली. साळूबाई गाठोडं मांडीशी घेऊन पाटावर बसली आणि तिनं पुरणपोळीला हात घातलासुद्धा. पुंजाराम दारात उभा होता, हात पाठीमागं बांधून, एक डोळा फडताळातल्या भांड्यांवर.

"अवो, बसा की आता," साळूबाई म्हणाली. "तपेलं चोरून न्याया कोन येत नाय हितं."

पुंजाराम बसला. खाली पोचायला त्याला वेळ लागला. गुडघ्यांचा अजून विश्वास बसत नव्हता. ताईंनी त्याच्या पोळीवर तुपाची धार धरली ती त्या थांबवीचनात.

"बास, ताई, बास," पुंजाराम पानावर हात आडवा धरून म्हणाला. "थोडं डबीत घाला. दुसरा गुडघा ऱ्हायलाय."