केझायाचं नाव

लॉकरिज घराण्यात कुणी मेलं की आधी पाद्रीला कळवायचे आणि मग व्हर्लाला. पाद्री प्रार्थना म्हणायचा, व्हर्ला तारीख लिहून घ्यायची. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ती याच कामाला लागली होती. इंडियानातल्या त्या मक्याच्या मुलखात घराण्याचा मूळ पुरुष अझाराया बैलगाडीतून येऊन उतरला, तिथपासून आजच्या पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळी वंशावळ तिच्या हाती होती. कोर्टाच्या तळघरातली धूळ तिने खाल्ली होती, आणि उन्हातान्हात थडग्यांपुढे गुडघे टेकून टेकून ते कायमचे धरले होते. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझा संसार एवढा मोठा आहे, आणखी एक माणूस कुठे बसवू?"

हे काम नव्याने शिकणाऱ्या बायकांना ती पहिला धडा द्यायची तो असा : "जुना दगड खचतो. खालची ओळ गवतात जाते. गवत उपटून तळ बघितल्याशिवाय दगड वाचला असं म्हणू नये." आणि हा धडा एका दगडापुरता ती स्वतःच विसरली. विसरली, असं ती पुष्कळ दिवस म्हणत राहिली.

झालं ते असं. अझारायाने आपल्या शेतातला एक तुकडा दफनभूमीला दिला, तेव्हा अट घातली होती, की इथे माझ्या वंशाची माणसं आणि त्यांचे जोडीदार, एवढेच पुरले जावेत. शंभर-सव्वाशे वर्षं कुणी अट तपासायला गेलं नाही. पण आता जागा संपत आल्या. एका ऑगस्टमध्ये, कुळाच्या वार्षिक मेळ्यात, चर्चच्या तळघरात सगळं कुळ जेवायला जमलं असताना, कुळाचा कारभारी क्लाइड उभा राहिला आणि म्हणाला, उरलेल्या जागा कुणाच्या ते एकदाचं ठरवून टाकू. एमरी स्टब्जने लगेच हात वर केला.

"मला माझ्या आईशेजारची द्या. लहानपणी तिच्याजवळ झोपायला भावंडांशी भांडायला लागायचं. आता तरी बिनभांडणाची मिळू दे."

सगळे हसले. एमरीचं बोलणं असंच. अंगाने वाळका, कानावर कायम पेन्सिल, आणि तरुणपणापासून त्या दफनभूमीचं गवत कापणारा तो एकटाच. त्याला कुणी ते काम सांगितलं नव्हतं.

क्लाइड व्हर्लाकडे वळला. "काय गं, स्टब्ज मंडळी कुठल्या फांदीवर येतात?"

"केझायाच्या," एमरीच म्हणाला. "अझारायाची मुलगी केझाया, ती माझ्या आईची आजी. पण विचारा विचारा. व्हर्लाला मेलेली माणसं सगळी पाठ आहेत. जिवंत समोर आलं, की तिला नाव आठवत नाही!"

पुन्हा सगळे हसले, या वेळी जरा जास्तच. कारण त्याच सकाळी व्हर्लाने एमरीच्या बायकोला, नेलला, भलत्याच नावाने हाक मारली होती. व्हर्लाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती उठली, भिंतीवर लावलेल्या वंशावळीच्या कागदापाशी गेली आणि शांतपणे म्हणाली :

"अझारायाची केझाया दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. तिचा दगड आहे. तुझी केझाया ती नव्हे, एमरी. आमची आजी सांगायची, त्या घरात एक अनाथ पोर कामाला ठेवली होती. तीच पुढे केझाया म्हणवून घ्यायला लागली असणार. मेलेली मुलगी काही उठून लग्न करत नाही."

हशा पिकला. या वेळचा हशा व्हर्लाच्या बाजूचा होता. तो संपला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की एमरी हसत नाहीये.

"असं होय," तो म्हणाला. हातातला काटा त्याने ताटलीच्या कडेला सरळ रेषेत ठेवला. "मग आईला तिथे पुरलं, ते चोरूनच म्हणायचं."

"तसं कोण म्हणतंय?" क्लाइड घाईने म्हणाला. "तिला राहू दे. पण पुढचं... नियम म्हणजे नियम."

नेल मात्र गप्प बसणारी नव्हती. "बरं झालं बाई कळलं. इतकी वर्षं मी समजत होते, मीच एकटी या घराण्यात बाहेरची. आता सोबत मिळाली!" आणि तिने घरून भाजून आणलेली रूबार्बची आंबटगोड पाई अर्धी कापलेली तशीच झाकून टोपलीत घातली. दोघं निघून गेले.

घरी जाताना व्हर्ला भाचीला, डोरीनला, म्हणाली, "खरं ते सांगायलाच हवं ना?"

डोरीन गाडी चालवत होती. "हो, आत्या. पण तू सांगताना काहीतरी गोड खात असल्यासारखी दिसत होतीस."

पुढच्या आठवड्यात एमरी दफनभूमीत गवत कापताना दिसला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात. परक्याचं म्हणून कळल्यावरसुद्धा तो आपला कापतच राहिला. व्हर्ला चर्चला जाताना त्या कुंपणावरून गाडी गेली, की मान दुसऱ्या बाजूला वळवायची. त्या बाजूला सोयाबीनशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

हिवाळ्यात एमरीच्या फुप्फुसांनी अंग टाकलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याला घरी आणून खिडकीशी खाटेवर ठेवलं. मे उजाडला. थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस जवळ आला आणि दफनभूमीत गवत गुडघाभर वाढलं, तेव्हा कुठे कुळाला कळलं, की आजवर ते आपोआप आखूड राहत नव्हतं.

व्हर्ला आणि डोरीन विळा, कात्री आणि पिओनीच्या फुलांची बादली घेऊन गेल्या. जुन्या ओळीत एका ठिकाणी ताजी माती उसवलेली होती. ग्राउंडहॉगने, तिकडच्या घुशीसारख्या एका जनावराने, थेट दगडाखाली बीळ पोखरलं होतं आणि दगड पाठीवर कलंडला होता. छोटासाच दगड, वर झोपलेलं कोकरू कोरलेलं. केझायाचा.

"आत्या, इकडे ये," डोरीनने हाक मारली. "याला खाली आणखी अक्षरं आहेत."

मातीत गेलेला भाग जसाच्या तसा राहिला होता. ऊन नाही, पाऊस नाही. जणू कालच कुणी छिन्नी खाली ठेवली होती. व्हर्लाने एप्रनचा कोपरा बादलीतल्या पाण्यात ओला केला आणि पुसलं. 'तिचं नाव आम्ही तिच्या बहिणीला दिलं आहे. देव ते राखो.'

डोरीनने दोनदा वाचलं. "म्हणजे नंतर झालेल्या मुलीचंही नाव केझायाच ठेवलं. म्हणजे एमरीकाका..."

"हो."

"अशी पद्धत होती?"

"होती," व्हर्ला म्हणाली. "घरोघर होती. पोर गेलं, की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. रॅट्लिफांच्या घरातले दोन जोसेफ मीच नाही का वेगळे करून दिले?"

बोलताबोलता तिचं तिलाच ऐकू आलं. पद्धत तिला ठाऊक होती. दगडाचा तळ बघायचा, हेही ठाऊक होतं. मेळ्याच्या आधी ती या दगडापाशी आली होती, वाकली होती, आणि गुडघे दुखतात म्हणून उठली होती. गुडघे दुखत होते हे खरंच. पण अझारायाच्या बाकीच्या सगळ्या लेकरांसाठी ते टेकले होते. या दगडाचा तळ बघितलेला नाही, हे मेळ्यात बोलतानाही तिला ठाऊक होतं.

डोरीन सावकाश म्हणाली, "त्यांनी नाव ठेवलं आणि तू..." मग तिने वाक्य सोडून दिलं आणि विळा उचलला.

त्या रविवारी चर्चमध्ये नेहमीची प्रार्थना चालू असताना, 'आम्हाला क्षमा कर, जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी व्हर्लाची जीभ अडली. आजूबाजूचे पुढे गेले. ती 'आमेन'लाच त्यांना गाठू शकली. दुपारी ती एमरीच्या घरी गेली.

नेलने दार उघडलं, पण वाट दिली नाही. "आणखी कुणाला बाहेर काढायचं राहिलंय?"

"नेल, मला त्याला सांगायचंय. मी चुकले."

नेल दारातून बाजूला सरली. "नाव बरोबर घेतलंस, तेवढ्यासाठी आत ये."

खाटेवर एमरी उशांना टेकून बसला होता. कानावरची पेन्सिल तेवढी तशीच. व्हर्लाने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बीळ, दगड, ती ओळ. तो डोळे मिटून ऐकत होता.

"म्हणजे एका घुशीने मला खानदानी केलं," तो म्हणाला, आणि हसायला गेला तर खोकला आला. नेलने पाठ चोळली. दम परत आल्यावर त्याने विचारलं, "दगड परत उभा केलात?"

"डोरीनने केला. खाली खडी भरून."

"गच्च ठोकायला हवी. नाहीतर पुन्हा कलंडेल." मग जरा वेळाने, "आईशेजारची जागा मिळेल म्हणतेस."

"मिळेल. मी क्लाइडला सांगून आले. एमरी, मला माहीत होतं ती पद्धत. तू माझ्यावर विनोद केलास, लोक हसले, आणि मी..."

"ते मला तेव्हाच कळलं गं," तो म्हणाला. "तुझा चेहरा काही पोस्टाचं पाकीट नाही." मग त्याने डोळे उघडले. "मला एकच सांग. समजा ती ओळ नसती. समजा माझी केझाया ती अनाथ पोरच असती. तिने त्यांची भांडी घासली, गाईंच्या धारा काढल्या, त्यांच्या पोरांना मांडीवर घेतलं. मग मला आईपासून लांब पुरणं बरोबर होतं का?"

व्हर्लाने तोंड उघडलं. नियम तिला तोंडपाठ होता. तोंड तसंच मिटलं.

"ती पोर होती ना पण खरंच? तुझ्या आजीने सांगितलेली?"

"होती. कोर्टात अझारायाने तिला ठेवून घेतल्याची नोंद आहे. नाव मात्र लिहिलेलं नाही. नुसतं 'एक मुलगी'."

"आणि ती कुठे आहे आता?"

"माहीत नाही."

"सगळे मेलेले पाठ असलेल्या बाईला माहीत नाही," एमरी म्हणाला. टोमणा होता, पण त्याला धार नव्हती, आणि त्यानेच तो अधिक लागला.

जुलैत एमरी गेला. त्याला आईशेजारी ठेवलं. गवत क्लाइडच्या माणसाने कापलं होतं, वाकडंतिकडं. फुलं ठेवून सगळे परतले तरी व्हर्ला तिथेच उभी होती. देवाने क्षमा केली असेल, एवढा तिचा विश्वास होता. पण एमरीने ती तोंडाने म्हटली नव्हती, आणि तिनेही विचारायचा धीर केला नव्हता. एक अख्खा हिवाळा तो माणूस आजारात पडून, आपण कुणाचेच नाही असं समजत होता. तो हिवाळा काही कुणी खोदून वर काढू शकणार नव्हतं.

ऑगस्टच्या मेळ्यात व्हर्ला जेवणाआधी उभी राहिली. दगडावरची ओळ वाचून दाखवली. चूक आपली, आणि रागातून झालेली, असंही म्हणाली.

"म्हणजे एमरी आपल्याच रक्ताचा!" क्लाइड ओरडला. "वाजवा टाळ्या!"

"टाळ्या नकोत," व्हर्ला म्हणाली. "त्याने मला विचारलं होतं, ती ओळ नसती तर? मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येतं का बघा."

कुणीतरी खुर्ची सरकवली. क्लाइड म्हणाला, नियम बदलायचा तर मतदान लागेल, ते पुढच्या वर्षी बघू, हॅम गार होतोय. ताटल्या वाजू लागल्या.

व्हर्ला भिंतीवरच्या वंशावळीपाशी गेली. अझाराया आणि त्याची बायको हॅना यांच्या लेकरांच्या रांगेत, दोन्ही केझायांच्या पलीकडे, थोडी जागा होती. तिथे तिने पेन्सिलीने बारीक लिहिलं : 'आणि घरातली एक मुलगी.'

मागे नेल उभी होती, हातात पाई कापायची सुरी. "पेन्सिलीने का?"

"नाव सापडलं तर खोडून नीट लिहीन."

"आणि नाही सापडलं तर? पेन्सिल पुसून जाते, व्हर्ला. गवत कोण कापतं ते जसं कुणी बघितलं नाही, तशी ही ओळ गेलेलीही कुणी बघणार नाही."

व्हर्लाने पर्स चाचपली. पेन नव्हतं.

"हिला कुणीतरी पेन द्या रे," नेल मोठ्याने म्हणाली. पेन आलं. व्हर्ला एकेका अक्षरावरून शाई फिरवू लागली. नेल जेवायला गेली नाही. ओळ पुरी होईपर्यंत तिथेच उभी राहून तिने कागदाचा कोपरा भिंतीशी घट्ट दाबून धरला.